ऐकू आलं तरच दाबा

पंप चालू राहिला म्हणून हे सगळं झालं. गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली, पाणी जिन्याने उतरत तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दारात गेलं, त्याचे शिवून टांगलेले दोन कोट भिजले, आणि तो तणतणत वर आला तेव्हा मी खुर्ची टाकून शांतपणे वाचत बसलो होतो. माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे अडगळीची खोली, त्या खोलीत पंप, आणि तो साडेतीन तास घुमत होता. शिंप्याला वाटलं मी मुद्दाम केलं. "बहिरे आहात की काय हो?" तो म्हणाला. रागात कुणीही म्हणेल तसंच म्हणाला, पण बायकोने तेवढंच उचललं. "अहो, मी कधीची सांगतेय, कान दाखवून या." मी म्हटलं, तुझं तर सगळं ऐकू येतं मला, शेजारच्या खोलीतून फोनवर माझ्याबद्दल बोलतेस तेही. "माझं येतं," ती म्हणाली, "जावयाचं येत नाही. तो विचारतो एक, तुम्ही सांगता भलतंच. त्याला वाटतं तुम्हाला तो आवडत नाही." जावई मला खरोखरच फारसा आवडत नाही, पण ते कारण वेगळं. दुसऱ्या दिवशी मी गेलो.

कान तपासायची खोली म्हणजे एक पेटीच होती. भिंतींना जाड कापड, दाराला कोल्ड स्टोरेजसारखी मूठ. दार लागलं आणि मला एकदम आमच्या जुन्या मशीनच्या खोल्या आठवल्या. नोकरीची पहिली पंधरा वर्षं मी तसल्या खोल्यांत काढली, थंडीने नाक गळत, जमिनीपासून हातभर उंच बसवलेल्या फरशीखाली पोटावर सरपटत केबली ओढत. फरक एवढाच की तिथे गोंगाट असायचा आणि इथे काहीच नव्हतं. कान तपासणाऱ्या बाई माझ्या मेहुणीच्या वयाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. मग बराच वेळ बारीकबारीक शिट्ट्या आल्या, मी दाबत गेलो, त्या खूश दिसल्या. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. बाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचं बोट त्यांच्या कळीवर होतं, म्हणजे काहीतरी येत होतं. नंतर त्यांनी हेडफोन काढले, कानामागच्या हाडाला एक लहानशी डबी पट्ट्याने आवळून बसवली आणि म्हणाल्या, "काका, आता जाड आवाज येतील. यातून हाडाला थरथर लागेल. नुसतं जाणवलं म्हणून दाबायचं नाही. ऐकू आलं तरच दाबा." मी मान हलवली. "आणि तो हात टेबलावर नको. माझं यंत्र याच टेबलावर आहे, त्याची थरथर तुम्हाला लाकडातून कळते. तुम्ही अंदाजाने दाबताय. मांडीवर ठेवा."

मी खाली पाहिलं. माझा डावा हात टेबलावर पालथा पडला होता, पाचही बोटं पसरून. तो मी ठेवला नव्हता. तो जाऊन बसला होता, नेहमीसारखा.

त्यांनी आलेख काढून दाखवला. म्हातारपणी उजवीकडची रेघ पडते, म्हणाल्या, बारीक आवाज आधी जातात, पाखरं, दाराची घंटा. तुमचं उलट आहे. तुमची रेघ डावीकडे पडलेली, जाड आवाज गेलेले. बायकांचं, लहान मुलांचं तुम्हाला स्वच्छ ऐकू येत असेल. पुरुषांचं अर्धवट. खालच्या पट्टीत बोलणाऱ्या पुरुषाचं जवळजवळ नाहीच, ओठ बघून भागवत असाल. असं क्वचित असतं, घराण्यात असतं, आणि हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही. "हे आजकालचं नाही, काका. वीस वर्षं तरी झाली असणार." किती? मी पुन्हा विचारलं. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "वीस. एखादं वर्ष इकडेतिकडे. घाबरू नका, यंत्र बसवता येतं." मला घाबरायला झालं नव्हतं. मला आनंद झाला होता. लाज वाटावी असा आनंद, फासावरच्या माणसाला सूट मिळाल्यासारखा, आणि तो लपवायला मी खोकलो. "हे लिहून मिळेल का?" मी म्हटलं. "वीस वर्षांचं? डॉक्टरांच्या सहीने?"

तर आता आमच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. एरवी मी कुणाला सांगत नाही. लग्नकार्यात लोक विचारतात, आपण काय करता, मी म्हणतो इंटरनेटचं काम, मग ते मला त्यांचा बंद पडलेला फोन दाखवतात. आम्ही नियम लिहायचो. जगभरची नेटवर्कं वेगवेगळ्या लोकांची, कुणी कुणाचं ऐकायला बांधलेलं नाही, तरी एकाने पाठवलेलं दुसऱ्याला कळलं पाहिजे, तर त्यांनी आपसात कसं बोलायचं याचे नियम. ते लिहिणारं आमचं मंडळ विचित्र. सभासद नाहीत, वर्गणी नाही, कुणीही यावं, बसावं, बोलावं. आणि मतदान नाही. कारण सभासदच नाहीत तर मतं मोजणार कुणाची? हात वर करणंही नाही. हात वर केला की कुणाचा हात ते दिसतं, मग साहेबाचा हात बघून हाताखालच्यांचे हात वर जातात. म्हणून आमच्यात हुंकार. अध्यक्ष विचारतो, हे ज्यांना मान्य असेल त्यांनी हुंकार द्या, आणि मोठमोठी शिकलेली माणसं तोंड मिटून गोठ्यातल्यासारखी घुमतात. मग विचारतो, ज्यांना मान्य नसेल त्यांनी. मोजायचं काही नाही. अध्यक्षाने नुसतं ऐकायचं आणि सभेचा कल सांगायचा. विरोध थोडा असला तरी विचारायचं की बाबांनो, तुमची अडचण काय, तिला उत्तर मिळालं का. मिळालं नसेल तर पुढे जायचं नाही. नवीन येणाऱ्याला हसू येतं. मलाही आलं होतं. पण मी सांगतो, यापेक्षा प्रामाणिक पद्धत मी पाहिली नाही. फक्त तिचा सगळा भार एका माणसाच्या कानावर असतो.

अठरा वर्षं तो कान माझा होता. मी चांगला अध्यक्ष म्हणून नावाजलेला होतो. हुंकार घेताना मी डोळे मिटायचो आणि डावा पंजा टेबलावर टेकवायचो. लोक चेष्टा करायचे, पंजा टेकला, आता निकाल लागणार. माझं नावच पडलं होतं पंजा. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, सवय आहे, लक्ष लागतं. मलाही तेच खरं वाटायचं. ही सवय वडिलांची. ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आणि खांबावर चढण्याआधी खांबाला तळवा लावून उभे राहायचे. लाकडी खांब असायचे तेव्हा. "चालू आहे," म्हणायचे, किंवा, "मेली." त्यांच्याबरोबरचे लोक कान लावायचे, हे हात लावायचे, आणि यांचं चुकायचं नाही, म्हणून खात्यात त्यांचा दरारा होता. घरी मात्र ते तुसडे. दोघं काका आले की हे कोपरा धरून बसायचे, काही विचारलं की गुरकावायचे, मग काकांनी येणंच सोडलं. आई म्हणायची, माणूसघाणा आहे. कान तपासून घरी येताना बसमध्ये बसल्याबसल्या मला वडिलांचा चेहरा आठवला, त्या कोपऱ्यातला, भावांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघणारा, आणि माझे डोळे भरून आले. ते माणूसघाणे नव्हते. त्यांना भाऊ ऐकूच येत नव्हते, आणि हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

पण मला आनंद झाला होता तो वडिलांसाठी नाही. तो खर्जासाठी. खर्ज म्हणजे माझा मित्र, म्हणजे तेरा वर्षांपूर्वीपर्यंत मित्र. पहिल्या नोकरीत आम्ही एका दिवशी लागलो. सडपातळ माणूस, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा, म्हणून खर्ज. फरशीखाली आम्ही दोघं समोरासमोरून सरपटत यायचो, मध्ये भेटायचो, केबलीचं टोक एकमेकांच्या हातात द्यायचो. त्या अंधाऱ्या बोळकांडीत त्याने मला जे शिकवलं ते नंतर कुणी शिकवलं नाही. तो माझ्यापेक्षा चांगला इंजिनियर होता. हे मी नेहमी कबूल करायचो, अगदी भाषणातसुद्धा, आणि कबूल करताना दरवेळी कुठेतरी टोचायचं. मी नियम लिहिणाऱ्यांत गेलो, प्रवास, भाषणं, नावाच्या पाट्या, सत्काराच्या माळा. तो चालवणाऱ्यांत राहिला. एका मोठ्या नेटवर्कच्या कंट्रोल रूममध्ये. रात्री यंत्र पडलं की ज्यांना झोपेतून उठवतात त्यांतला.

माझ्या मसुद्यात एक कलम होतं. राउटर नावाची यंत्रं माहितीला वाट दाखवतात, आणि शेजारच्या राउटरला सारखी सांगत असतात, मी आहे, मी आहे. शेजारी गप्प झाला तर किती वेळ थांबायचं? मसुदा म्हणत होता, तीन सेकंद. तीन सेकंदांत आवाज आला नाही की तो मेला समजा, त्याच्या वाटा पुसून टाका, सगळं दुसरीकडून वळवा. जुनी यंत्रं दीड मिनिट थांबायची, लोकांचे फोन मधेच तुटायचे, म्हणून सगळ्यांना घाई हवी होती. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना तर फारच. खर्ज उठला आणि म्हणाला, "दमलेल्याला मेलेला समजू नका." एवढंच वाक्य त्याने अकरा महिने वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलं. कामाचा लोंढा आला की यंत्र उत्तर द्यायला उशीर करतं. तेवढ्यात त्याला मेलं म्हणाल तर त्याचा बोजा पुढच्यावर पडेल, मग पुढचं दमेल, तेही मेलं म्हणाल, आणि रांगच्या रांग जिवंतपणी पुराल. थोडं थांबा, जुनी वाट लगेच पुसू नका. त्याचं म्हणणं मला पटलं नव्हतं असं नाही. ते लिहिणं अवघड होतं, त्याला आणखी वर्ष लागलं असतं, आणि त्या वर्षी मला मुख्य मंडळाच्या प्रमुखपदासाठी विचारलं जाणार होतं. एवढा एक मसुदा हातावेगळा झाला की झालं.

त्या सभेची हकीकत मी इतक्यांदा सांगितली आहे की ती मला पाठ आहे. मोठं दालन, जाड गालिचा, दीडशेच्या वर माणसं. पुढच्या रांगांत कंपन्यांचे लोक, मागे, दाराशी, चालवणारे लोक, उभे. मी मंचावर, लांब लाकडी टेबलाशी. बारा वाजता दालन दुसऱ्या सभेला द्यायचं होतं. मी विचारलं, मसुदा आहे तसा पुढे जावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हुंकार द्या. पुढून चांगला भरघोस हुंकार आला. मग विचारलं, ज्यांना वाटत नाही त्यांनी. कुणीतरी खोकलं. डाव्या बाजूने एका बाईंचा बारीकसा हुंकार आला. बाकी शांतता. मी डोळे उघडले आणि म्हणालो, सभेचा कल स्पष्ट आहे. इतिवृत्तात मी स्वतःच्या हाताने लिहिलं, विरोध नगण्य. खर्ज मधल्या वाटेत उभा होता, माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. मग तो गेला. आमच्यात अध्यक्षाच्या निर्णयावर अपील करता येतं. त्याने केलं नाही. "मित्रावर अपील करायचं नसतं," असं तो कुणाशी तरी म्हणाला, आणि ते फिरत फिरत माझ्याकडे आलं, तोवर मी प्रमुख झालो होतो.

गेल्या वर्षी एका दुपारी ती रांग पडली. कुठेतरी रस्ता खणताना एक केबल तुटली, तिचा लोंढा एका राउटरवर आला, तो दमला, शेजाऱ्यांनी तीन सेकंद वाट पाहिली आणि त्याला मेला म्हटलं. वीस मिनिटांत सगळं आडवं. उठवायला पाच तास लागले, कारण एक उठला की सगळ्यांचा बोजा त्या एकट्यावर, तो पुन्हा पडायचा. त्या दुपारी मी न्हाव्याकडे होतो. त्याचा फोन चालेना, माझाही चालेना, आम्ही दोघांनी ते बंद करून चालू केले, आणि मी त्याला म्हटलं, होईल थोड्या वेळात. तीन जिल्ह्यांत ॲम्ब्युलन्स बोलवायचा नंबर लागत नव्हता. चौदा माणसं गेली. एक बाई जिन्यात पडलेली सापडली, तिच्या फोनमध्ये तोच नंबर अकरा वेळा फिरवलेला होता. चौकशीत कळलं की खर्जाने स्वतःच्या नेटवर्कमध्ये तीन सेकंदांच्या जागी तीस सेकंद ठेवले होते. नियमाविरुद्ध. त्याची यंत्रं शेवटपर्यंत तग धरून होती, पण ते कोण बघतो? नियम मोडणारा एकच सापडला आणि सगळं त्याच्यावर शेकलं. निलंबन झालं, निष्काळजीपणाचा खटला भरायची तयारी चालली. त्याने जबाब दिला, मी त्या सभेत विरोध केला होता, माझ्याबरोबर मागचे पन्नासेक जण होते, उत्तर न देता मसुदा पुढे गेला. त्यांनी इतिवृत्त काढलं. विरोध नगण्य. म्हणजे हा माणूस हेकट तर होताच, आता खोटाही ठरला.

त्याची बायको माझ्याकडे आली होती, पंपाच्या आधी महिनाभर. वहिनी पूर्वी घरात आल्या की थेट स्वयंपाकघरात जायच्या. या वेळी बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसल्या, पर्स मांडीवर धरून. "भावजी, तुम्ही अध्यक्ष होता. तुम्ही एवढंच सांगा की विरोध झाला होता. हे रोज सकाळी कपडे करून बसतात. जायचं कुठेच नसतं." मी म्हटलं, रेकॉर्डमध्ये काय आहे ते बघावं लागेल वहिनी. त्या म्हणाल्या, "रेकॉर्ड तुम्हीच लिहिलंय ना?" बायको चहा घेऊन आली तेव्हा त्या उठल्या होत्या.

आणि आता हा आलेख. एका कागदाने सगळं जुळत होतं. विरोध झाला होता, मागे उभ्या पुरुषांचा, जाड आवाजांचा, खर्जाच्या पट्टीतला. मला तो ऐकू येणं शक्यच नव्हतं, विज्ञानाने शक्य नव्हतं. म्हणून शांतता, म्हणून नगण्य. खर्ज खरा आणि मीही खरा. मी बायकोला सांगितलं तेव्हा ती दाण्याचं कूट करत होती, तिने मिक्सर बंद केला. "म्हणजे सुटलात," ती म्हणाली. मी म्हटलं, खर्ज सुटला. "तेच म्हणतेय मी," ती म्हणाली, आणि मिक्सर पुन्हा लावला.

शिंप्याच्या भीतीने बायकोने एक पद्धत घालून दिली होती. कानावर भरवसा ठेवायचा नाही, पंपाच्या पाइपला हात लावून बघायचं. थरथर असेल तर चालू. चौकशी समितीकडे मी स्वतःहून वेळ मागून घेतली होती. तिच्यापुढे जायच्या दोन दिवस आधी, सकाळी नऊच्या सुमाराला, मी अडगळीच्या खोलीत उभा राहून डावा पंजा पाइपवर ठेवला. पंप चालू होता. शांत, पूर्ण शांत खोली, आणि तळव्यात मुंग्या आल्यासारखी थरथर, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत. तेवढ्यात मला टेबल आठवलं. मंचावरचं, लांब, वार्निश उडालेलं. ही आठवण नवी नव्हती. ती तिथेच होती, मी तिच्यावर तेरा वर्षं इतर गोष्टी रचून ठेवल्या होत्या. मी दुसऱ्यांदा विचारलं, ज्यांना वाटत नाही त्यांनी. डोळे मिटलेले, पंजा टेकलेला. कानात शांतता, एका बाईंचा बारीक हुंकार. आणि लाकूड हाताखाली थरथरायला लागलं. थोडंथोडकं नाही. पन्नास माणसं मागे उभी राहून घुमत होती आणि ते जमिनीतून, मंचातून, टेबलाच्या पायांतून माझ्या तळव्यात येत होतं, आणि मला ते कळत होतं, जसं अठरा वर्षं प्रत्येक सभेत कळत होतं. माझे सगळे निकाल मी हाताने दिले होते. कानाने नाही. मला नाव माहीत नव्हतं त्या गोष्टीचं, पण हात टेकवल्याशिवाय मी कधी हुंकार घेतला नाही, मग काय माहीत नव्हतं मला? त्या दिवशी थरथर आली. मी हात उचलला. घड्याळ बघायला म्हणून उचलला, आणि खरोखर पाहिलंही. बारा वाजायला दहा मिनिटं होती. हात वर होता तेवढा वेळ सगळं निवांत होतं. मग मी डोळे उघडले आणि म्हणालो, सभेचा कल स्पष्ट आहे.

मी पाइपवरचा हात काढला नाही. टाकी भरली, शिंपी खालून ओरडला, बायकोने येऊन बटण बंद केलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "हात लावून उभे आहात आणि तरी?"

दोन दिवस होते. मी चांगला विचार केला, विचार करणं हाच माझा धंदा. खरं सांगितलं तर खर्ज सुटेल. कागद दाखवला तरी खर्ज सुटेल. त्याच्यासाठी दोन्ही सारखंच. फरक पडणार होता तो फक्त मला. कागदाने मी एक बिचारा म्हातारा होत होतो, कानाने दगा दिलेला. खऱ्याने मी कोण होत होतो? ती जिन्यातली बाई, अकरा वेळा. एकदा तर मी वहिनींचा नंबरही फिरवला, रिंग वाजायच्या आत ठेवून दिला. मी भित्रा आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं, हीसुद्धा एक चैनच म्हणायची.

समितीची खोली एखाद्या शाळेच्या स्टाफरूमसारखी होती. पंखा, फायलींची कपाटं, काचेचे ग्लास उपडे घातलेले. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, स्वभावाने सभ्य. माझा कागद त्यांनी दोनदा वाचला, शेजारच्या तज्ज्ञांना दिला. मग विचारलं, आणि मला ऐकू जावं म्हणून प्रत्येक शब्द वेगळा करून विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला विरोधाचा हुंकार ऐकू आला होता का?" माझे दोन्ही हात मांडीवर होते. "नाही," मी म्हणालो, "ऐकू आला नाही." "आता तुमचं मत काय?" "विरोध झाला असणार. मोठा. माझी नोंद चुकीची आहे. त्यांचा जबाब खरा आहे." टंकलेखक बाई टकटक टाइप करत होत्या, ते मला स्वच्छ ऐकू येत होतं. "आणखी काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं. खोलीत एवढी शांतता होती की मला वाटलं, कुणीतरी काहीतरी खालच्या पट्टीत बोलत असावं. "नाही," मी म्हणालो. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, या वयात स्वतःहून येऊन आपली उणीव सांगणं सोपं नसतं, समिती याची नोंद घेईल.

बाहेर व्हरांड्यात बाकावर खर्ज बसला होता. कपडे करून. तेरा वर्षांनी मी त्याला जवळून पाहत होतो, केस गेलेले, कॉलर गळ्याभोवती सैल. वहिनी शेजारी उभ्या. त्यांना कारकुनाने आत काय झालं ते सांगितलं असावं, त्या रडून झाल्या होत्या. खर्ज उठला आणि बोलला, आणि मला धक्काच बसला, कारण तो ऐकू आला. त्याने आवाज बारीक केला होता. माझ्यासाठी. विहिरीतल्या आवाजाचा तो माणूस, साठी उलटलेला, बाईसारखा किनरा आवाज काढून बोलत होता, आणि येणारेजाणारे वळून बघत होते. "येतंय का ऐकू?" तो म्हणाला. "असं बोललं की येतं म्हणे. कारकुनाने तुझा कागद दाखवला आत्ता."

"येतंय," मी म्हटलं.

"तेरा वर्षं शिव्या घातल्या रे तुला. हिला विचार. मी म्हणायचो, त्याने ऐकलं. ऐकलं आणि घड्याळ बघितलं. मी बघितलं होतं ना तुला घड्याळ बघताना." त्याने माझा डावा हात दोन्ही हातांत धरला. "मी म्हणायचो, एक वेळ वैरी परवडला. आणि तुला बिचाऱ्याला ऐकूच येत नव्हतं. फरशीखाली बोलायचो तेव्हा तरी येत होतं का रे? का तेव्हाही नुसती मान हलवायचास? मला माफ कर. माफ केलं म्हण."

"अरे, काय हे," मी म्हटलं.

मग त्याला तो आवाज धरून ठेवता येईना. तो खाली उतरला, स्वतःच्या पट्टीत, आणि नाहीसा झाला. ओठ हलत होते, गालांवरून पाणी येत होतं, आणि त्याने माझा तळवा उचलून आपल्या छातीवर दाबून धरला होता, घट्ट, म्हणजे निदान असं तरी मला कळावं म्हणून. कळत होतं. सगळं कळत होतं. शर्टाच्या कापडाखाली, बरगड्यांच्या आत तो घुमत होता, आणि ते माझ्या मनगटापर्यंत, कोपरापर्यंत येत होतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

मी हात सोडवून घेतला आणि घड्याळ पाहिलं. चार वाजायला दहा मिनिटं होती.